मकाई दरवाज्यापलीकडचे विद्यापीठ

आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत बावीस पोस्टकार्डे आहेत. माझा थोरला चुलतभाऊ १९७१ ते १९७४ या काळात औरंगाबादला शिकत होता. त्याने काकांना पाठवलेली ही कार्डे. प्रत्येकावर कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता आहे : बेगमपुरा, औरंगाबाद. आत मजकूर फार नाही. खोलीचे भाडे, नळाला पाणी येण्याची वेळ, खानावळीचे थकलेले पैसे, मालकीणबाईंनी ईदला पाठवलेला शिरखुर्मा, कोणी येत असेल तर ज्वारीचे पीठ पाठवा अशी विनंती. एका कार्डात 'अस्मितादर्श'चा अंक मित्राकडून वाचायला आणल्याचा उल्लेख आहे. मकबऱ्याच्या बागेत सावलीला बसून अभ्यास करतो, असे दोनदा लिहिले आहे.

मी स्वतः बारावीपुढे शिकलो नाही. पुढचे सगळे वाचन ग्रंथालयांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या आधाराने झाले. दलित साहित्याच्या सुरुवातीच्या काळाविषयी टिपणे काढत होतो, तेव्हा ही कार्डे मी एकदा चाळून बाजूला ठेवली होती. त्यांत 'साहित्यिक' असे काही नव्हते. पंधरा वर्षांनी ती पुन्हा काढली ती वेगळ्या कारणाने. त्या विद्यापीठाविषयी, त्याच्या शेजारच्या नागसेनवनाविषयी आणि त्या परिसरातल्या वास्तूंविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते जमेल तेवढे वाचून झाले होते. आणि भावाच्या पत्त्यावरचा बेगमपुरा मला त्यात जवळजवळ कुठेच भेटला नव्हता. हा लेख त्या अनुपस्थितीविषयी आहे. (ज्या काळाविषयी लिहितो आहे त्या काळातले नाव म्हणून औरंगाबाद असेच म्हटले आहे. आजचे छत्रपती संभाजीनगर.)

१

आधी जागा समजून घ्यावी लागेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, शहराला तटबंदी झाली. या तटाच्या पश्चिम-उत्तर अंगाने खाम नदी वाहते. नदीवर पूल आणि पुलाच्या तोंडाशी दरवाजा अशी रचना तीन ठिकाणी आहे : मकाई दरवाजा, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा. तिन्हींतून बाहेर पडून पूल ओलांडला की माणूस कोटाबाहेर येतो.

आपल्या विषयाच्या बहुतेक सगळ्या गोष्टी या कोटाबाहेर आहेत. दिलरसबानू बेगमेचा मकबरा, म्हणजे बीबी का मकबरा, आणि त्याच्या लगतचा बेगमपुरा. बुंदेला सरदार पहाडसिंगाच्या नावाचा पहाडसिंगपुरा आणि तिथला सोनेरी महाल. जयसिंगाच्या नावाचा जयसिंगपुरा. त्यांच्या मागे डोंगर, आणि डोंगरात सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासची बौद्ध लेणी. या सगळ्यांच्या मधोमध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने उभारलेले नागसेनवन. तिथल्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसवली गेली. त्यानंतर सात वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

पायी फिरणाऱ्याला हा सगळा परिसर एका सकाळी पाहून होतो. मराठी पुस्तकांत मात्र तो तीन वेगळ्या कपाटांत विभागलेला आहे. पहिल्या कपाटात पर्यटन आणि वास्तुवर्णन : मकबऱ्याचे घुमट, संगमरवर, कारंजी. दुसऱ्यात चळवळ : नामांतराचा लढा. तिसऱ्यात वाङ्मयेतिहास : नागसेनवन, गंगाधर पानतावणे, १९६८ पासूनचे 'अस्मितादर्श'. एका कपाटातले पुस्तक दुसऱ्याकडे पाहत नाही. मकबऱ्यावर लिहिणाऱ्याला तिथे बसून अभ्यास करणारा विद्यार्थी दिसत नाही. दलित साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याला तो विद्यार्थी दिसतो, पण त्याच्या खोलीची गल्ली दिसत नाही.

माझे म्हणणे असे आहे की हा परिसर एकच मजकूर म्हणून वाचला पाहिजे, आणि त्या वाचनाची किल्ली 'बाहेर' या शब्दात आहे.

२

वामन निंबाळकरांचा 'गावकुसाबाहेरील कविता' हा संग्रह १९७३ चा. भाऊ बेगमपुऱ्यात राहत होता त्याच काळातला. या शीर्षकातला 'बाहेर' कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमचे घरही गावकुसाबाहेरचेच. मराठी गावाच्या रचनेत कुसाच्या आत मान आणि कुसाबाहेर अपमान, ही वाटणी इतकी पक्की आहे की दलित साहित्याच्या समीक्षेत 'बाहेर' हा शब्द एकाच अर्थाने वापरला जातो.

पण दख्खनच्या मोगली शहरात 'बाहेर'चा अर्थ वेगळा होता. कोटाबाहेर पुरे वसले ते सरदारांच्या, राण्यांच्या आणि पीरांच्या नावांनी. मोकळी जागा, पाणी आणि बाग बाहेर होती. बादशहाच्या बेगमेचे थडगे बाहेर होते. बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया, आज आपण ज्याला पाणचक्की म्हणतो, तोही खामच्या काठावर. गावात बाहेर ढकलले जाणे आणि शहरात बाहेर जाऊन वसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नागसेनवन या दुसऱ्या 'बाहेर'मध्ये उभे राहिले आणि त्यात शिकायला आलेली बरीच मुले पहिल्या 'बाहेर'मधून आली. मला हा या परिसराचा सगळ्यात महत्त्वाचा विशेष वाटतो. गावकुसाबाहेरून आलेला मुलगा शहराच्या कोटाबाहेर राहायला लागला, तेव्हा तो त्याच जागी राहिला नाही. त्याच्या खिडकीतून आता बेगमेचा घुमट दिसत होता. या बदलाचा त्याच्या भाषेवर आणि स्वतःकडे पाहण्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारायला हवा होता.

भावाला खोली देताना घरमालकाने काय विचारले, हे कार्डांत नाही. भाऊ पुढे सांगत असे की भाडे वेळेवर देशील का, एवढेच विचारले. एका घरावरून सगळ्या मोहल्ल्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळते. मुस्लिम वस्त्यांतही बिरादऱ्या आहेत, उच्च-नीच आहे. पण आमच्या घराण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा तो पहिला माणूस होता आणि त्याला विचारलेला प्रश्न पैशांचा होता, ही नोंद मला टाकून देता येत नाही.

३

या 'बाहेर'चे गोडवे गाऊन थांबणेही चुकीचे ठरेल. मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपतराय ही बांधकाम करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. गुलाम मुस्तफाच्या बखरीत या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिलेला आहे. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेले शेकडो गाडे आपण पाहिले, आणि त्यांतल्या लहानात लहान गाड्यालाही बारा बैल जुंपलेले होते, असे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये लिहितो. आण्यांपर्यंत हिशेब राहिला, बैलांची संख्या राहिली, गाडीवानांचे नाव-गाव राहिले नाही. बेगमपुऱ्याचे वैभव साम्राज्याच्या वसुलीवर उभे होते आणि ती वसुली ज्या गावांतून येत होती त्या गावांना कूस होती व कुसाबाहेर माणसे होती. दोन्ही 'बाहेर' एकमेकांना असे पूर्वीपासून बांधलेले आहेत.

या काळाची सामान्य माणसे अगदीच हरवलेली आहेत असे मात्र नाही. पाणचक्कीच्या तकियाचे एक फारसी पुस्तक आहे, 'मलफूजात-ए-नक्शबंदिया'. बाबा शाह मुसाफिरांनंतर तकिया सांभाळणारे शाह महमूद यांनी ते रचले. सायमन डिग्बी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मध्य आशियातून आलेले फकीर आहेत, फौजेतले शिपाई आहेत, व्यापारी आहेत, भांडणे आणि उधाऱ्या आहेत. चमत्कारांच्या कथा वगळल्या तरी एका वस्तीचे रोजचे जगणे हाती उरते. अठराव्या शतकातले मोठे विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी याच तकियात राहत होते. इथे ग्रंथसंग्रह होता आणि दळणाची पाणचक्कीही. फकिरांच्या आणि आल्यागेल्यांच्या जेवणाचे पीठ त्या चक्कीवर दळले जाई.

म्हणजे १९५० च्या आधी दोनशे वर्षे खामच्या काठी पीठ आणि पुस्तक एका आवारात होते. नागसेनवनातही शिकण्याची आणि राहण्या-जेवण्याची सोय एकत्र विचारात घ्यावी लागली, कारण घरून डबा येऊ शकेल अशी ती मुले नव्हती. या दोन संस्थांमध्ये थेट वारसा होता असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. बाबासाहेबांच्या मनात नागसेन भिक्खू आणि मिलिंद राजा होते, नक्शबंदी फकीर नव्हते. पण एकाच परिसरात एकच गरज दोनदा ओळखली गेली, आणि मराठी वाचकाला यातली एकच वेळ ठाऊक आहे. 'मलफूजात'चे मराठी भाषांतर माझ्या पाहण्यात नाही. सेतुमाधवराव पगडींसारखा फारसी-उर्दू जाणणारा आणि सूफी संप्रदायावर मराठीत लिहिणारा अभ्यासक मराठवाड्याने दिला, तरी ही वाट पुढे रुळली नाही.

४

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नागसेनवनातल्या पहिल्या पिढीने मकबरा, तकिया, पुरा यांविषयी का लिहावे? त्यांच्या पाठीवर गावचे वळ ताजे होते. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये आले. ज्याचे बालपण भुकेने खाल्ले, त्याने आधी भूक लिहायची की घुमट? आक्षेप मला मान्य आहे. लेखकांकडे माझी तक्रार नाही. त्यांनी जे लिहायला हवे होते तेच लिहिले.

तक्रार आहे ती नंतर आलेल्या समीक्षेकडे, आणि त्यात मीही आलो. आपण 'नागसेनवन' हा शब्द एखाद्या कल्पनेसारखा वापरतो. प्रेरणाभूमी म्हणतो, ऊर्जाकेंद्र म्हणतो. पण तिथला विद्यार्थी कुठे राहत होता, कोणाच्या खानावळीत उधारीवर जेवत होता, शेजारी कोणती भाषा कानावर पडत होती, हे विचारत नाही. वली आणि सिराज या दख्खनी-उर्दूच्या दोन थोर कवींची नावे या शहराशी जोडलेली आहेत. त्यांच्या भाषेचे उरलेसुरले बोल बेगमपुऱ्याच्या नळावर १९७१ मध्येही चालू होते. भावाच्या कार्डांत 'नक्को', 'हौ' असे शब्द गमतीने आले आहेत. विद्रोही कवितेच्या लयीत हे बोल कुठे उतरले का, हे तपासल्याशिवाय तिच्या भाषेविषयी आपण जी विधाने करतो ती अर्धी आहेत.

ही उणीव फक्त दलित साहित्याच्या समीक्षेची नाही. मराठीत महाविद्यालय-विद्यापीठाचे जग कादंबरीत आले ते मुख्यतः भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'पासून (१९६३). पुढे 'बिढार' (१९७५) पासून सुरू होणाऱ्या चांगदेव चतुष्टयाने त्या जगाची गावोगावची चिरफाड केली. 'बिढार' हे शीर्षकच बोलके आहे. नायक जिथे जातो तिथे तात्पुरता उतरलेला असतो. मराठी कादंबरीने शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाला बिढारकरी म्हणून फार बारकाईने पाहिले. ज्यांच्या घरात ते बिढार पडले त्यांच्याकडे मात्र ओझरतेच पाहिले. खोली भाड्याने देणाऱ्या बाईच्या बाजूने विद्यापीठ कसे दिसते? दरवर्षी जूनमध्ये नवी मुले येतात, एप्रिलमध्ये निघून जातात, काही भाडे बुडवतात, काही पुढे साहेब होऊन भेटायला येतात. तिची कादंबरी मराठीत लिहिली जायची आहे.

५

नामांतराचा प्रश्न टाळून या परिसरावर लिहिता येणार नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने निघाला. प्रत्यक्ष नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे. म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात, आणि ज्यांनी सोळा वर्षे किंमत मोजली त्यांना तो शब्द अपुरा वाटत आला आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे लाखोंनी लोक जमतात. जगात विद्यापीठाच्या दारापुढे डोके टेकवणारे लोक मी इतरत्र ऐकलेले नाहीत. त्यांतले कितीतरी आतल्या एकाही वर्गात कधी बसलेले नसतात.

त्या दिवशी बेगमपुरा काय करतो, हे मी दोन वर्षे जाऊन पाहिले. घरांच्या ओट्यांवर पाण्याचे जग ठेवलेले असतात. चहाच्या गाड्या रात्रभर चालू राहतात. लहान मुले पुस्तकांच्या आणि निळ्या झेंड्यांच्या दुकानांतून हिंडतात. काही घरांची दारे गर्दीमुळे बंदही असतात. नामांतराच्या वाङ्मयात हे द्वार शेकडो वेळा आले आहे, पण द्वाराच्या अलीकडची ही गल्ली आलेली नाही.

'बेगमपुरा' या नावाबद्दल एक सावधगिरीची नोंद. संत रविदासांच्या एका प्रसिद्ध पदात 'बेगमपुरा' नावाचे नगर येते. तिथला 'बेगम' म्हणजे राणी नव्हे. बे-गम, दुःख नसलेले. त्या नगरात कर नाही, दुय्यम-तिय्यम कोणी नाही, आणि माणूस हवे तिथे मोकळा फिरू शकतो. गेल ऑम्वेट यांनी २००८ मधल्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच हा शब्द घेतला. औरंगाबादच्या बेगमपुऱ्याची व्युत्पत्ती अर्थातच मकबऱ्यातल्या बेगमेशी जोडली जाते. दोन्ही शब्द एक समजणे ही अभ्यासातली चूक होईल. तरीही विद्यापीठाच्या परिसराला लावायची कसोटी म्हणून रविदासांची शेवटची अट मला उपयोगाची वाटते : तिथे मोकळेपणाने कोण फिरू शकतो?

६

हे सगळे वाशीमच्या माणसाने का लिहावे? एक कारण रस्त्याचे. नागपूर-औरंगाबाद हा जुना रस्ता आमच्या जिल्ह्यातून, कारंजा-मालेगाववरून जातो. अमरावतीला विद्यापीठ होण्याआधी, म्हणजे १९८३ पूर्वी, इकडची मुले नागपूरच्या एसटीत बसत तशी औरंगाबादच्याही बसत.

दुसरे कारण अभ्यासाच्या पद्धतीचे आहे. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह इथेच लावला, म्हणून आम्ही मिरवतो. पण मला त्याहून मोलाची वाटते ती १९३९ ची गोष्ट. त्या वर्षी वाशीममध्ये विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाचा ताम्रपट उजेडात आला. तोपर्यंत वाकाटकांची वत्सगुल्म शाखा विद्वानांना स्वतंत्रपणे ठाऊक नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा शिलालेख कितीतरी वर्षे वाचला जात होता, पण त्यातली वंशावळ नीट लागत नव्हती. वाशीमच्या ताम्रपटानंतर वा. वि. मिराशी यांनी ती लावून दाखवली. ज्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची ती भव्य लेणी कोरली गेली, तो आमच्या वत्सगुल्मचा ठरला. औरंगाबादच्या विद्यापीठामागच्या डोंगरातल्या काही लेण्यांची शैलीही अजिंठ्याच्या त्याच शेवटच्या टप्प्याशी जुळते, असे अभ्यासक सांगतात.

गावात जपून राहिलेल्या पत्र्याने डोंगरात कोरलेला लेख नीट वाचायला शिकवले. अभ्यासाचे साहित्य नेहमी संस्थेतच असते असे नाही. आमच्या कारंज्यातही मध्ययुगीन अपभ्रंश काव्यांच्या पोथ्या गावातल्या जैन मंदिरांच्या भांडारांत होत्या, आणि हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात त्या संपादून छापल्या तेव्हा त्या भाषेच्या इतिहासात भर पडली.

म्हणून त्या बावीस कार्डांकडे मी परत वळलो. १९५० ते १९९० या चाळीस वर्षांत नागसेनवनात आणि विद्यापीठात शिकलेल्या मुलांनी घरी पाठवलेली पत्रे विदर्भ-मराठवाड्यातल्या किती पेट्यांत पडून असतील? त्या पत्रांवर पत्ते आहेत. पत्ते जुळवले तर कोणती मुले कोणत्या पुऱ्यात, कोणाच्या घरात, किती भाड्याने राहिली याचा नकाशा तयार होईल. त्याच्या शेजारी 'मिलिंद' महाविद्यालयाच्या वार्षिकांची आणि 'अस्मितादर्श'च्या अंकांची सूची ठेवता येईल. आणि बेगमपुऱ्यात आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसांकडे बसून त्यांच्या भाडेकरूंच्या आठवणी उतरवून घेता येतील. या कामाला पदवी लागत नाही, अनुदानही फारसे लागत नाही. वेळ मात्र कमी आहे. भावाच्या घरमालकीणबाई २००९ मध्ये वारल्या, भाऊ त्यानंतर चार वर्षांनी. दोघांनाही मी काही विचारले नव्हते.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. वाशीम आणि मंगरूळपीर तालुक्यांतल्या नऊ घरांतून आतापर्यंत एकसष्ट पत्रे पाहायला मिळाली. त्यांतल्या चौदांवर बेगमपुरा आहे, सहांवर जयसिंगपुरा, बाकीच्यांवर वसतिगृहाच्या खोलीचे क्रमांक. दोन कार्डांवर पत्त्याच्या जागी फक्त 'मकबऱ्याजवळ' एवढेच लिहिले आहे. दिवाळीची साफसफाई या अंकाच्या वाचकांच्या घरी नुकतीच झाली असेल किंवा व्हायची असेल. जुन्या पेट्या रिकाम्या करताना औरंगाबादचा शिक्का असलेले पोस्टकार्ड हाती लागले, तर रद्दीत टाकण्याआधी त्याचा कोपरा वाचावा आणि ते राखून ठेवावे, एवढी विनंती आहे.